तपासणीला पाठवलेलं गेज

१९९५ साल. मी बेचाळीस वर्षांचा. शिक्षण चौथी, पण हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःची शेड आणि दोन लेथ. त्यामुळं कुणापुढं मान तुकवायची सवय नव्हती.

आमच्या गल्लीत मी लोखंडाचे बुश, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या आखूड पोकळ नळ्या, कातायचो, समोरचा त्यांच्यावर प्लेटिंग करायचा, कोपऱ्यावरचा हत्यारांना धार लावायचा. बाहेर चार दिवस लागतील असं काम आमच्याकडं दुपारपर्यंत उरकायचं. म्हणून तर मोठ्या कंपन्या आमच्या पत्र्याच्या दारात यायच्या. एकाचं हत्यार मोडलं तर दुसऱ्यानं द्यायचं, ही रीत. मीही कितीदा नेलेलं.

शेजारच्या शेडवाला माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला दादा म्हणायचा. त्यानं कॉम्प्युटरवर चालणारा लेथ आणला आणि माझ्याकडचं बुशचं काम त्याला गेलं. मी म्हणालो, "आता बटण दाबलं की झाला कारागीर."

"या की दाबायला, दादा. वर चहा फुकट."

ते मला लागलं.

एका दुपारी तो घाईनं आला. "दादा, माझं गेज फरशीवर पडलं, टोक ठेचलं. तुमचं द्या. चारला माल जायचाय."

बुशचं भोक नीट आहे का, ते गेज घालून बघतात. माझं ड्रॉवरमध्येच होतं, तेल लावून ठेवलेलं. मी म्हणालो, "तपासणीला पाठवलंय."

त्यानं साध्या मापानं मोजून माल पाठवला. संध्याकाळी टेम्पो भरलेलाच परत आला. कंपनीचा निरोप होता, उद्या दुपारपर्यंत खराब बुश निवडून बाजूला काढा, नाहीतर हे सगळं काम गल्लीबाहेर देतो. म्हणजे प्लेटिंगवाल्याचं गेलं, टेम्पोवाल्याचंही गेलं. मला वाटलेलं, त्याची एकट्याची जिरेल.

घरी जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं, तर तिच्यावरच खेकसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच गेज खिशात घालून त्याच्या शेडमध्ये गेलो. तो एकटाच बुशचा ढीग समोर घेऊन जमिनीवर बसलेला. गेज बघून म्हणाला, "आलं का तपासणीहून?"

"कुठं गेलंच नव्हतं."

त्यानं एक क्रेट माझ्याकडं सरकवला. मी खाली बसलो आणि पहिला बुश उचलला.