नांगराचा पत्रा

रे रोडला लाकडाच्या वखारीमागे एक जण जुन्या जाहिरातींचे पत्रे विकतो. इंग्रजांच्या काळात नव्या कालव्याकाठी जमीन मिळालेल्या शेतकऱ्यांना माल खपवायला हे पत्रे लावायचे. नांगर, पंप, कंदील, सगळं त्यात. आता हॉटेलवाले घेतात. महिनाअखेर त्याला शेड रिकामी करायचीय. मी गिरणीतला माणूस, शाळा दुसरीपर्यंत, पण धंदा मला कळतो. त्याला नाही. पत्रा पुसताना तो पत्र्याशीच भांडतो. "कंदील खरा. पंप थापाड्या."

परवा लालबागचा एक हॉटेलवाला 'बैल दमणार नाही' लिहिलेला नांगराचा पत्रा काखेत मारून निघालाच होता. हा म्हणाला, "शेठ, खोटं आहे ते. आमच्या आज्याकडं होता हा नांगर. दुपारपर्यंत बैल खाली बसायचे."

"काका, मला भिंतीला लावायचाय."

"लावा. पण खाली लिहा, खोटं आहे म्हणून."

शेठ पत्रा टाकून बडबडत गेला.

मी म्हटलं, "अरे येड्या, आता हे सगळं भंगारात जाणार."

"जाऊ दे," तो म्हणाला. "भंगारवाला वाचत नाही."