पापडांवरचे कावळे

तरुणांच्या अनुवाद शिबिरात मी माझाच एक जुना अनुवाद, खाली नाव न घालता, नमुना म्हणून वाटला. गाढवपणा झाला.

मूळ कन्नड कविता साधी होती. गच्चीवर पापड वाळताहेत आणि एक बाई कावळे हाकलते आहे. पोरांनो, दुसऱ्यांच्या भाषेत शिरा, तिथली कविता आपल्या घरी आणा, असं मी कळकळीनं सांगितलं आणि सगळे लिहायला बसले. पहिल्या बाकावरची सोलापूरची मुक्ता मात्र लिहीत नव्हती. मूळ ओळी पुटपुटत ती हवेत हात हलवत होती, कावळे हाकलल्यासारखा. ते पाहूनच माझ्या पोटात दुखायला लागलं. त्या कवितेपाशी मी महिनाभर बसलो होतो, पण हात काही हलवला नव्हता. हलवली ती शब्दकोशाची पानं.

कविता आणणं म्हणजे परगावचा पाहुणा आणणं. तो दमलेला असतो, त्याला आधी बसू द्यावं. मी त्याला दारातच फेटा बांधला होता.

मुक्तानं अनुवाद वाचला आणि कावळे खरंच पापडांवर उतरले. सगळ्यांत आधी टाळ्या मीच वाजवल्या. हेवा लपवायला ती बरी सोय असते. मग, कुणीतरी ‘वा!’ म्हणेल या आशेनं, माझा नमुना वाटला. त्यात कावळ्यांचे ‘काळाचे कृष्णविहंग’ झाले होते.

मुक्तानं कागद वाचला. म्हणाली, “सर, ह्यांना मूळ कविता वाचायला दिली नव्हती का?”