सईच्या नावाचं सर्टिफिकेट

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नीताला, माझ्या बायकोला, तर नाहीच. गोष्ट तशी बारीक आहे — म्हणजे वर्षभर मी स्वतःची अशीच समजूत घालतोय. मुलांचे प्रोजेक्ट घरोघरी आईबापच करतात ना? थर्माकोल कापून माझे अंगठेही सोलवटलेत.

मी इथे गुजरातेत, मकरपुऱ्यात एका कारखान्यात क्वालिटी तपासायला आहे. गेज लावून माप बघितल्याशिवाय जॉब, म्हणजे तयार झालेला भाग, पास करायचा नाही, सुपरवायझर हातापाया पडला तरी नाही. माझ्यामागे सगळे मला खडूस म्हणतात, आणि खरं सांगू? मला ते आवडतं.

सई, आमची मुलगी, तेव्हा अकरावीत होती. शाळेने एक ऑनलाइन कोर्स दिला — एका बैठकीत भसाभसा दारू पिणाऱ्या मुलामुलींसाठी. पाच धडे. मला हसूच आलं. गुजरातेत दारूबंदी, आमचं वासणा भागातलं नाकासमोर चालणारं घर, आणि सोळा वर्षांच्या पोरीला हे कशाला? तिचं फिजिक्स बोंबललं होतं, ते बघायचं की हे? शेवटची तारीख आली तेव्हा मी तिचा पासवर्ड घेतला आणि कँटीनमध्ये चहा पिता पिता कोर्स उरकून टाकला. प्रत्येक धड्याआधी प्रश्न असायचे — कधी घेतली आहे का? मैत्रिणी घेतात का? उत्तरं बघून कोर्स पुढचं दाखवायचा. मी सगळीकडे ‘कधीच नाही’ दाबत गेलो. तिला एका शब्दाने विचारलं नाही. वीस मिनिटांत सईच्या नावाचं सर्टिफिकेट आलं, ते नीताने कौतुकाने फॅमिली ग्रुपवर टाकलं.

एवढंच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो.

परीक्षा संपली त्या दुपारी वर्गातल्या मुली कोणाच्या तरी फार्महाउसवर जमल्या. चार वाजता सईच्या मैत्रिणीचा, क्रिनाचा, फोन आला. “अंकल, में एने पडखे सुवाडी छे. तमे जल्दी आवो.” सईला कुशीवर झोपवलंय, लवकर या. कोल्ड्रिंकमध्ये व्होडका, पैजेवर ग्लासामागून ग्लास. सई बेशुद्ध होती. बाकीच्या मुली घाबरून निघून गेल्या होत्या, आणि क्रिना एकटी तिला कुशीवर वळवून, पाठीला गुडघा लावून बसली होती. उताणी राहिली असती तर उलटी श्वासात गेली असती, दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. नीताने क्रिनाला विचारलं, तुला हे कसं सुचलं गं? शाळेच्या कोर्समध्ये होतं, आंटी. चौथ्या धड्यात.

चौथा धडा माझ्याही समोर उघडला असणार. मी ‘पुढे’ दाबलं असणार.

सई घरी आली. चौथ्या दिवशी नीताचा बांध फुटला, ती सईवर ओरडली. “कोर्स क्रिनानेही केला आणि तूही केलास. तिच्या डोक्यात शिरलं, तुझ्याच का नाही शिरलं?” सईने माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली.  आणि मी? मी म्हणालो, “आई बरोबर बोलतेय.”

त्यानंतर सई महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. पण माझं नाव तिने नीताला सांगितलं नाही. का नाही सांगितलं? मी विचारलेलं नाही, माझी छाती झाली नाही.

यंदा शाळेने तो कोर्स पुन्हा ठेवला. सईने स्वतःहून नाव दिलं. रोज जेवणाच्या टेबलाशी बसून थोडा थोडा करायची. पहिल्याच प्रश्नाला तिने ‘हो’ दाबलं, मला दिसेल असं. आणि मग तो कोर्स तिच्याशी बराच बोलला — पैजेला नाही कसं म्हणायचं, पार्टीतून कोणाबरोबर निघायचं. कधी ती त्याच्याशी भांडायची, कधी एकटीच हसायची. गेल्या शनिवारी हरणी भागात एका मैत्रिणीचा वाढदिवस होता. ठरल्याप्रमाणे सहाच्या ठोक्याला ती आणि क्रिना रिक्षातून उतरल्या, दोघी भुकेल्या, आणि माझ्याकडून सेव-उसळ उकळली. मला इतकं बरं वाटलं की मीही दोन प्लेट खाल्ल्या.

सईचं नवं सर्टिफिकेट कालच आलं. जुनं अजून नीताच्या फाइलमध्ये जपून ठेवलेलं आहे. आज नीता घरी आली की मी लिहिलेला हा कागद तिच्या हातात देणार आहे. सई समोर असतानाच देईन. “आई बरोबर बोलतेय” हेही मी तिच्यासमोरच म्हणालो होतो.