काकांचा भाकरतुकडा

जगात विमानाने फिरणारे लोक पुष्कळ असतील, पण विमानात एकदाही पाऊल न ठेवता विमानतळावर इतक्या खेपा घातलेला माणूस आमच्या शेजारच्या काकांखेरीज दुसरा असेल, असं मला वाटत नाही. पनवेलजवळ नवा विमानतळ सुरू झाल्यापासून अलिबागच्या आमच्या आळीत कुणाचा पाहुणा उतरणार असल्याचा नुसता सुगावा लागला, की काका धर्माच्या टॅक्सीत पुढच्या सीटवर जाऊन बसलेलेच असतात. बोलावण्याची वाट ते पाहत नाहीत. "विमानातून उतरलेला आणि हॉस्पिटलातून सुटलेला, दोघांना न्यायला घरचं माणूस लागतं," असं ते सांगतात. पाहुणा नक्की कुणाच्या घरचा, हा प्रश्न त्यांच्या लेखी अगदीच किरकोळ आहे.

पेण येईपर्यंत ते धर्माला गाडी चालवायला शिकवतात. धर्माचा जन्म टॅक्सी चालवण्यात गेलेला, पण काकांपुढे तो कायम शिकाऊच. वडखळच्या अलीकडे पूर्वी एक भलामोठा खड्डा होता. तो बुजून जमाना झाला, तरी काका तिथे हात वर करतात आणि धर्मा मुकाट्याने ब्रेक दाबतो. एकदा तो न राहवून म्हणाला, "काका, आता खड्डा न्हाय." काकांनी ऐकवलं, "नसेल. होता ना?" विमानतळाच्या दाराशी ते पुठ्ठ्याची पाटी धरून उभे राहतात. ज्यांना अंगाखांद्यावर खेळवलं त्यांच्यासाठीसुद्धा पाटी हवीच, आणि तीही सगळ्या मानासकट. माझी मुलगी उतरली तेव्हा तिच्या नावामागे 'चि. सौ. कां.' वाचून आजूबाजूची मंडळी नवरदेव कुठे दिसतो का ते शोधत होती.

पण काकांचं खरं प्रकरण म्हणजे भाकरतुकडा. लांबून आलेल्या माणसावरून उंबऱ्याबाहेर भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकायचं, म्हणजे वाटेतली पीडा घरात शिरत नाही, ही आपल्याकडची रीत. काका ती टॅक्सीच्या दाराशीच उरकतात. "आपल्या गाडीत बसला की तो घरातच आला," हा त्यांचा न्याय. एकदा कुणी एक परप्रांतीय साहेब स्वतःची समजून आमच्या टॅक्सीपाशी आले. काकांनी विचारपूस न करता त्यांच्यावरून तुकडा ओवाळला. साहेबांना वाटलं, विमानतळानेच स्वागताची सोय केलीय. ते हात जोडून उभे राहिले आणि त्यांच्या मागे त्यांचे सोबती रांग लावून उभे राहिले. काकांनी एकालाही नाही म्हटलं नाही. भाकरी संपली, तेव्हा शेवटच्याचं नुसत्या पाण्यावर भागवलं. पहाऱ्यावरचा शिपाई कचरा केला म्हणून धावत आला, तर काकांनी सगळे तुकडे पिशवीत गोळा करून त्याच्यापुढे धरले आणि "तुम्हीपण लांबून येता का हो ड्यूटीला?" म्हणून त्यालाच विचारलं.

यामागचं कारण आळीत सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही. काकांचा मुलगा बाळू बंगळूरला असतो. तो शेवटचा आला तो काकू गेल्या तेव्हा. सुतकाच्या घरात भाकरतुकडा कोण ओवाळणार? "पोरगा तसाच आत आला हो," काका एकदा जास्वंदीच्या कुंपणावरून मला म्हणाले, "आणि गेला तो परत उंबऱ्याशी आलाच नाही." ती चूक एकदा दुरुस्त करायची, एवढंच त्यांना हवं होतं.

मध्यंतरी बाळूचा फोन आला. कामासाठी मुंबईला येतोय, उतरणार याच विमानतळावर. "बाबा, तुम्ही येऊ नका. ऑफिसची टॅक्सी आहे, तडक शहरात जायचंय. अलिबागचं बघतो जमलं तर." काकांनी त्यातलं 'बघतो' तेवढं धरून ठेवलं. स्वतःच्या हाताने तांदळाची भाकरी भाजली, ती एका बाजूने करपली, आणि डबा मांडीवर घेऊन ते टॅक्सीत बसले. मीही निघालो. माझ्या घरात तरी माझी वाट कोण पाहत होतं?

बाळू बाहेर आला तो दोन-तीन कोटवाल्यांबरोबर बोलत. काकांनी 'चि. बाळू' लिहिलेली पाटी छातीपर्यंत नेली. मग हळूच खाली घेतली आणि उलटी फिरवली. "चारचौघांत नको," म्हणाले.

"हाक मारू काय काका?" धर्मा म्हणाला. "माजा आवाज जाईल तिकडं पत्तुर."

"नको रे. कामात आहे तो."

ऑफिसची टॅक्सी आली, बाळू मागच्या सीटवर बसला आणि गाडी शहराच्या रस्त्याला लागली. ती दिसेनाशी झाली तरी काका तिकडेच बघत होते. "गाडी बरी होती," एवढंच म्हणाले. मला त्या पोराचा राग आला, आणि काकांचं फार वाईट वाटलं. परतताना वडखळपाशी काकांचा हात वर झालाच नाही. धर्माने मात्र आपण होऊन ब्रेक दाबला.

दुपारी घराशी पोचलो. काका चावी काढून कुलूप उघडायला लागले, तेव्हा मी त्यांच्या हातातला डबा घेतला. "थांबा, बाहेरच उभे राहा."

"मला कशाला? मी कुठून आलोय?"

"विमानतळावरून," मी म्हणालो.

त्यांनी चपला काढल्या आणि डोळे मिटून ताठ उभे राहिले. मला मेल्याला हे कधी करावं लागलं नव्हतं. "उजवीकडून," ते मिटल्या डोळ्यांनी सांगत होते, "पाणी विसरू नका." मी ओवाळलं, तुकडा कुंपणापलीकडे टाकला. काका उजवा पाय पुढे टाकून रिकाम्या घरात गेले.

 आत कपबशा वाजल्या आणि स्वयंपाकघरातून त्यांनी विचारलं, "बाळू अजून चहा घेत असेल का हो? पूर्वी त्यात भरपूर दूध लागायचं त्याला."

मला काय ठाऊक? पण मी म्हणालो, "घेत असेल."