कपडेपटाला शिकवणारी गावं

नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठत जातात, तुटलेली बटणं आणि किस्से. बटणं मी कधीच वाटून टाकली. किस्से मात्र कुणी चहा पाजला की अजून निघतात!

मी जामनेरचा शिंपी. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी खानदेशात फिरणाऱ्या एका कंपनीत लागलो. मालक नाना, राजाचं कामही तेच करायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "दामू, कपड्यांच्या दोन चुका पोटात घालीन. तिसरी झाली की मशीन उचलायची आणि घर गाठायचं!"

घरचं दुकान थोरल्या भावाचं. तिथे दुसरी मशीन ठेवायला जागाच नव्हती. त्यामुळे तो मोसम मी जीव मुठीत धरून काढला.

*

खेड्यांत आमचं स्टेज म्हणजे एखादा ओटा, नाहीतर सरळ जमीन. पुढे लोक दाटीवाटीने बसलेले, त्यामुळे मागच्यांना नट कमरेच्या वरच दिसायचा. मीही शहाणा! सगळी जर फेट्यांना आणि अंगरख्यांना लावली. कमरेखालचं ज्याचं त्याने बघावं.

धुळ्याला पहिल्यांदाच छातीएवढ्या उंच स्टेजचं थिएटर मिळालं. पडदा वर गेला. नाना सिंहासनावर बसले, ऐटीत पायावर पाय टाकला, आणि पहिल्या रांगेच्या अगदी नाकासमोर राजेसाहेबांचा पांढरा कॅनव्हासचा बूट आला!

तिथे एक पेन्शनर हेडमास्तर बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "महाराज, स्वारी टेनिस खेळून आली वाटतं?"

नानांनी विंगेत येऊन मला एक बोट दाखवलं. त्या हेडमास्तरांचे मात्र उपकारच मानायचे. तेव्हापासून नव्या गावात गेलो की मी आधी पहिल्या रांगेत जाऊन बसायचो, मग सुईदोरा काढायचो.

*

दुसरं बोट खुद्द जामनेरात! बाजाराच्या पटांगणात प्रयोग, उजेडाला चार गॅसबत्त्या. नाटकातल्या नवरीसाठी मी गर्द हिरवं लुगडं आणलं होतं. दुकानात काय सुरेख दिसत होतं! बत्तीच्या उजेडात ते पार काळं दिसायला लागलं.

मंगलाष्टकं सुरू झाली तशी बायकांतून एकजण उठून ओरडली, "बंद करा ते! लगनात काळं नेसवलं पोरीले! कोन्या मेल्यानं आनलं हे लुगडं?"

ती माझी सख्खी मावशी होती.

*

मग मी ठरवलं की यापुढे कापड बत्तीतच बघायचं. जळगावला कापड घ्यायला गेलो तो गॅसबत्ती घेऊनच. भर दुपारी दुकानात ती पेटवली आणि निळ्या-हिरव्याचे तागे उलगडून बघत बसलो.

दहा मिनिटांत शेजारचे तीन दुकानदार दाराशी उभे! चेहरे पडलेले. एकाने शेठजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "कसं काय झालं हो हे? कालपर्यंत तर सगळं ठीक होतं!"

दिवसाढवळ्या दुकानात दिवा लावला म्हणजे दिवाळं निघालं, ही त्या लोकांची जुनी रीत. मला शिंप्याला काय ठाऊक! शेठजी धोतर सावरत ओरडले, "मास्तर, आधी विझवा ते! कापड काय, अख्खं दुकान घरी नेऊन बघा!"

आणि खरंच, त्या भल्या माणसाने दहा नमुने कापून दिले.

*

शिरपूरला सरकी काढायच्या जिनाच्या आवारात प्रयोग होता. कापसाचा मोसम, हवेत सगळीकडे तंतू. नानांचा काळा मखमली अंगरखा दुसऱ्या प्रवेशापर्यंत पांढरा झाला! मी विंगेत ब्रश घेऊन उभा. तेवढ्यात हमालांतून आवाज आला, "राजा आम्नाच शे रे भाऊ! जिनमा काम करीसन उना!"

राजा आपल्यातलाच, जिनात राबून आलेला, म्हणून सगळा जमाव टाळ्या वाजवायला लागला. नानांनी छाती काढून मुजरा केला. तिसरं बोट तेवढं वाचलं.

*

आणि मग रावेरकडचं ते गाव. नाटक येणार म्हणून गावकऱ्यांनी हौसेने ताज्या केळीचे खांब उभारून विंगा केल्या होत्या. काय थाट! मी खुशीत येऊन दोन खांबांना दोरी बांधली आणि राणीचा शालू वाऱ्यावर टाकला. तासाभराने पाहतो तर कापलेल्या देठांतून चीक ठिबकून शालूभर डाग पडलेले. केळीचा डाग! कापड फाटेल, पण डाग जात नाही, हे तिथली शेंबडी पोरंही सांगतील.

नानांनी तीन बोटं वर केली. "प्रयोग झाला की मशीन उचल."

ज्यांच्या मळ्यातून खांब आले होते त्या गोदूकाकू तिथेच होत्या. त्या पुढे झाल्या. "खांब आमी लावले, चीक आमच्या केळीचा. मास्तरले काहून बोलता?" एवढं बोलून घरी गेल्या आणि स्वतःच्या लग्नातला शालू घेऊन आल्या. नानांचा हात खाली आला. मला तर रडूच फुटलं. मी त्यांना शब्द दिला, "काकू, एक डाग लागू देणार नाही."

राणीचं काम अक्का करायच्या. त्यांनाही मी बजावून ठेवलं. शेवटच्या प्रवेशात राणी विष पिऊन कोसळते. अक्कांनी विष घेतलं, भाषण संपवलं, खाली बघितलं. जमीन चिकाने ओली! अक्का कोसळेनात. भाषण पुन्हा म्हणाल्या. सिंहासनाला धरून डोलल्या. नाना दात आवळून कुजबुजले, "पड!" अक्का शालू चिमटीत धरून उभ्याच. मी विंगेत हात जोडून.

तेवढ्यात बायकांतून गोदूकाकू उठल्या.

"पडा वं माय, बिनघोर पडा! शालू धुवाले मी हाये ना!"