माय जिवंत असताना केलेलं मुंडण

सट्‌सट्, सट्‌सट्... लहानपणी न्हावी दारात बसून चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासायचा आणि मी मायच्या लुगड्यामागे लपायचो. त्याच वस्तऱ्यापायी सत्तराव्या वर्षी माझी अशी फजिती व्हावी? हसू नका, ऐका!

माय नव्वदीची. दोन वर्षांपासून अंथरुणावर. घरात मी एकटाच. उचलून बसवताना ती आधाराला माझे केस धरायची, नाहीतर मिशा. डोळ्यांतून पाणी यायचं! शेवटी एका सकाळी देवळीला न्हाव्याकडे गेलो आणि केस, मिशा, सगळं सफाचट करून आलो.

शहाणपण इथंच थांबलं असतं तर बरं! आल्याबरोबर मायला आत सतरंजीवर निजवलं, तिच्या साऱ्या गोधड्या धुतल्या आणि खाट अंगणात उन्हाला उभी केली.

आता सांगा, मुंडण केलेला मुलगा, धुतलेलं अंथरूण, उभी खाट... गावानं काय समजावं?

शेजारचे महादेवराव फाटकाशी आले. हात जोडले. मीही जोडले. मी हळू बोलणारा माणूस, "काय झालं?" विचारायला तोंड उघडेपर्यंत ते डोळे पुसत गेलेसुद्धा!

तासाभरात दोघं जण हिरवे बांबू घेऊन हजर. शेजारच्या कौसाबाईनं बेसन-भाकर आणली. अशा घरी चूल पेटत नाही ना! अंगण माणसांनी भरलं; मी तोंड उघडलं की जो तो "राहू द्या, बोलू नका" म्हणत पाठीवर हात ठेवायचा. समुद्रपूरला माझ्या बहिणीला कोणी फोन केला, देव जाणे. दुपारच्या एसटीनं सुमन आली, ती फाटकापासूनच हंबरडा फोडत.

"माय वं! मले सोडून गेली वं!"

आतून आवाज आला, "कोन मेलं वं, सुमे?"

बांबूवाले बांबू पाठीमागे लपवायला लागले.

मी धावत जाऊन मायला उचलून बसवलं. धरायला केस नाहीत, मिशा नाहीत; तिनं माझे दोन्ही कान धरले. दारातली माणसं खो खो हसली.

"आनलं तं खाऊन घ्या आता," कौसाबाई म्हणाली. "अन् उद्यापासून दुपारी मी बसत जाईन बुढीपाशी. तुमी निजत जा. तोंड नाई का तुमाले सांगाले?"

सुमन मात्र हसली नाही. "काऊन रे दादा? मले बोलवाले मायले मारा लागते का? दोन वर्षांत एक फोन नाई!"

"तुले कायले तरास..." मी सुरू केलं.

खरं सांगू? अख्खं गाव माझ्यासाठी अंगणात उभं होतं. एवढी माणसं आपली आहेत, हे कळायला या बावळटाला टकलू व्हावं लागलं! देव त्यांचं भलं करो.

मायखालची सतरंजी ओली झाली होती. मी ती काढली. सुमननं ती माझ्या हातातून घेतली, पदर खोचला आणि मोरीकडे निघून गेली.