नाकामुराचा शागीर्द

झुबेदाचा फोन आला तेव्हा मी चहा घेऊन नुकताच बसलो होतो. “सदाकाका, अब्बा गेले,” ती म्हणाली. पलीकडे माणसांची ये-जा ऐकू येत होती, कुणीतरी खुर्च्या हलवत होतं… इब्राहिमला जाऊन आता काही आठवडे झाले. पण त्याच्याविषयी लिहायला बसलो की दाभोळच्या खाडीकाठचा म्हातारा इब्राहिम डोळ्यांपुढे येत नाही. येतो तो कुवेतमधला, पंचविशीतला, कानावर पेन्सिल खोचलेला सुतार.

पन्नासच्या दशकात तो तिकडे गेला. कुवेत शहरातल्या शर्क भागाच्या किनाऱ्यावर तेव्हा लाकडी गलबतं बांधत असत. इब्राहिमचे वडील इकडे खाडीवर तेच काम करायचे, त्यामुळे त्याला तिथे लगेच हात घालता आला. पण तेलाबरोबर लोखंडी जहाजं आली आणि किनाऱ्यावर नवे सांगाडे उभे राहीनासे झाले. शेवटी त्याने दक्षिणेकडच्या एका जपानी तेल कंपनीच्या कॅम्पात नोकरी धरली. मी तिथे स्टोअरकीपर होतो. आम्ही एकाच खोलीत राहायचो, दोघंही कोकणातले, त्यामुळे जमलं. त्याचं काम एवढंच, यंत्रांच्या भागांसाठी खोकी ठोकायची. “खिले मारायला सुतार कशाला लागतो, सदा?” असं म्हणायचा आणि दिवा मालवून आडवा व्हायचा.

एका दुपारी ड्रिलिंगवरचा इंजिनिअर नाकामुरा त्याच्या शेडमध्ये आला. हातात स्वतःपेक्षा उंच असं बांबूचं धनुष्य होतं. वाळवंटाच्या कोरड्या हवेने धनुष्याचे सांधे उकलले होते. थोडा सरस मिळेल का, एवढंच त्याला विचारायचं होतं. इब्राहिमने सरस गरम केला, पण धनुष्य काही हातातून सोडेना. आत लाकडाच्या पट्ट्या, पुढून-मागून बांबूच्या कांबी, आणि मूठ मधोमध नसून बरीच खाली… नाकामुराचे वडील गावी अशी धनुष्यं बनवत. तोही त्यांच्या हाताखाली काही वर्षं शिकला होता, मग भांडण झालं आणि तो घर सोडून इंजिनिअर झाला. “असं नवं करता येईल?” इब्राहिमने विचारलं. नाकामुरा घोटाळला. मग म्हणाला, “शुक्रवारी ये.”

त्यानंतर आमचे सुट्टीचे शुक्रवार बदलून गेले. मलबारहून गलबतांतून बांबू येत, ते शर्कला जाऊन निवडायचे. नाकामुरा एकेक बांबू हातात धरून पेरं बघायचा आणि बहुतेक बाजूला ठेवायचा. शेडमध्ये कांबी चिरायच्या, विस्तवावर शेकायच्या, तासायच्या. सरस लावून सगळ्या पट्ट्या एकत्र आल्या की वरून दोरी गुंडाळायची आणि दोरीखाली पाचरी ठोकत जायचं. पाचर बसेल तसतसा तो सरळ दांडा वाकू लागे. सरस थंड व्हायच्या आत हे उरकावं लागे, तरी नाकामुराच्या तोंडी एकच शब्द, कॅम्पात सगळ्यांच्या तोंडी असलेला अरबी “शुवय, शुवय”, हळू, हळू. इब्राहिम मला म्हणायचा, “ह्याचा हात बघ. माज्या बापाचा असाच चालायचा.” त्या दिवसांत तो पुन्हा झोपेपर्यंत बडबडायला लागला होता.

पण धनुष्य काही टिकेना. पाचरी काढून धनुष्याची दोरी चढवायला गेलं की कुठेतरी कडकन वाजायचं. असंच एक तुटलं तेव्हा त्याची कांब उडून इब्राहिमच्या गालावर बसली. डोळा थोडक्यात वाचला. इब्राहिम दवाखान्यातून परत आला तेव्हा नाकामुरा त्याच्यासमोर मान खाली घालून बसला. मोडक्यातोडक्या हिंदीत तो बोलत होता. दोरी चढवण्याआधी पायाने दाबून वाक बसवायचा असतो, ते काम वडील स्वतः करत. ते शिकायची पाळी यायच्या आधीच तो घरातून निघून गेला होता. “मी तुला अर्धंच शिकवतोय,” तो म्हणाला. “पुढचं मलाच येत नाही.”

इब्राहिम गालाच्या पट्टीवर हात ठेवून म्हणाला, “बाप जिता आहे ना तुजा? मग जा. विचार त्याला.”

आम्हाला वाटलं, बोलून गेलं ते गेलं. पण त्या हिवाळ्यात नाकामुराने खरोखरच नोकरी सोडली. जाताना त्याने आपला रंधा आणि सुरी इब्राहिमच्या हातात ठेवली. इब्राहिम पुन्हा खोकी ठोकू लागला आणि पाचर बसलेलं एक धनुष्य शेडच्या भिंतीला तसंच टेकून राहिलं. त्याला हात लावायला तो धजत नव्हता.

पुढे कॅम्पातला जपानी आचारी रजेवरून परत आला तो थेट शेडमध्येच. त्याला धनुष्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो नाकामुराला भेटायला गेला होता, तर नाकामुरा आणि त्याच्या म्हाताऱ्या वडिलांनी त्याला अंगणात उभं करून एक गोष्ट घोटून घोटून पाठ करून घेतली होती. आचाऱ्याने बूट काढले, कोपऱ्यातला झाडूचा दांडा जमिनीवर ठेवला आणि पाय कुठे ठेवायचा, टाच कधी उचलायची, हात कुठे घट्ट आणि कुठे सैल, सगळं करून दाखवलं. इब्राहिम त्याच्याशेजारी उभा राहून तसंच करत होता. मी हसत होतो… मग हसता हसता थांबलो, कारण इब्राहिमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

त्याने भिंतीला टेकलेलं धनुष्य उचलून शेडबाहेर नेलं, पाचरी काढल्या, पायाने वाक बसवला आणि दोरी चढवली. या वेळी काही वाजलं नाही.

साठचं दशक सरता सरता तो कायमचा गावी परतला. दारं-खिडक्या करून संसार चालवला आणि फावल्या वेळात धनुष्यं केली. ती कुणी विकत घेतली नाहीत, त्यानेही कधी विकायला काढली नाहीत.

गेल्या महिन्यात मी दाभोळला गेलो. झुबेदाने मला मागच्या पडवीत नेलं. चुलीच्या वर, धुरात, बांबूच्या ताज्या चिरलेल्या कांबी टांगलेल्या होत्या. पाठीवर अजून हिरवट छटा होती.

“कधीच्या?” मी विचारलं.

“ह्याच थंडीतल्या. चालता येत नव्हतं, तरी खुर्ची टाकून बसले नि स्वतः निवडल्या.” तिने हात वर करून एक कांब जराशी फिरवली, धूर दुसऱ्या बाजूला लागावा म्हणून. “वाळायला काही वर्षं जातील, मला म्हणाले. धनुष्य करायची घाई करू नको.”